महापालिकेच्या अंदाजपत्रकात हवामानाच्या कामांसाठी पैसे कसे मिळवायचे: ऑगस्ट ते मार्च, टप्प्याटप्प्याने

दर फेब्रुवारीत महापालिकांकडे आणि नगरपरिषदांकडे एकाच धाटणीची निवेदने जातात: 'हवामान बदलाशी लढण्यासाठी अंदाजपत्रकात भरीव तरतूद करावी.' निवेदनावर आवकचा शिक्का पडतो, फोटो निघतो आणि पुढे काहीच होत नाही. याची कारणे दोन. फेब्रुवारीपर्यंत खात्यांचे आकडे ठरून गेलेले असतात. शिवाय 'हवामान बदल' नावाचे काम कोणत्याच अभियंत्याच्या टेबलावर नसते. अंदाजपत्रकाला चारच गोष्टी समजतात: कोणते काम, कोणत्या जागेवर, कोणत्या खात्याचे, किती रुपयांचे. मागणी या चार रकान्यांत बसवून वेळेवर दिली तर तिचा विचार करणे प्रशासनाला भाग पडते. ती कशी बसवायची, ते क्रमाने पाहू.

## आधी वेळापत्रक पाहा

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. पण पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक बनायला सुरुवात होते ती साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लेखा विभाग सर्व खात्यांना परिपत्रक काढतो आणि चालू वर्षाचे सुधारित अंदाज व पुढच्या वर्षाच्या मागण्या मागवतो. डिसेंबर-जानेवारीत खातेनिहाय बैठका होऊन कात्री लागते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत आयुक्त स्थायी समितीला अंदाजपत्रक सादर करतात. समिती त्यात बदल सुचवते आणि मार्च संपण्यापूर्वी सर्वसाधारण सभा मंजुरी देते. नगरपरिषदेत आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात, बाकी क्रम बराचसा सारखाच. सभागृह अस्तित्वात नसेल तर प्रशासकच समिती आणि सभा या दोन्हींचे अधिकार वापरतो. तेव्हा पाठपुरावा प्रशासकाकडेच करावा लागतो.

म्हणजे अभ्यास ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि मागणी ऑक्टोबरमध्ये. फेब्रुवारी-मार्च फक्त दुरुस्त्यांसाठी उरतो.

सावधान: पुणे महापालिकेत नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत २००६ पासून आहे. तिचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात आणि त्यांची मुदत मुख्य अंदाजपत्रकाच्या बरीच आधी संपते. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर मुदत ऑगस्टमध्येच विचारून ठेवा. ही वाट प्रभागातल्या छोट्या कामांसाठी आहे. शहरभराची योजना तिथून मंजूर होत नाही.

## टप्पा १: गेल्या वर्षाचे अंदाजपत्रक पेन्सिल घेऊन वाचा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि त्यामुळेच पुढे अडतात. अंदाजपत्रक महापालिकेच्या संकेतस्थळावर असते. त्यातल्या एकेका लेखाशीर्षासमोर, म्हणजे खर्चाच्या एकेका नोंदीसमोर, साधारण चार आकडे दिसतील: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद.

सगळे अंदाजपत्रक वाचायची गरज नाही. विद्युत, पाणीपुरवठा, मलनिस्सारण व पावसाळी गटारे, उद्यान, घनकचरा, भवन, आरोग्य आणि पर्यावरण ही खाती काढा. हवामानाशी संबंध असलेले प्रत्येक लेखाशीर्ष वेगळ्या कागदावर उतरवा आणि त्यापुढे चारही आकडे लिहा.

मग पुढच्या गोष्टी शोधा.

मूळ तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज त्याच्या अर्ध्याहून कमी, अशी लेखाशीर्षे. इथे पैसा होता, पण खर्च झाला नाही. 'निधी नाही' या उत्तराला तुमच्याकडे असलेले सर्वात भक्कम प्रत्युत्तर हेच आहे.

नाममात्र तरतूद. एखाद्या लेखाशीर्षासमोर हजार रुपये किंवा एक लाख दिसतात. याचा अर्थ शीर्ष उघडले आहे, पण काम करायचे ठरलेले नाही. तरीही असे शीर्ष उपयोगाचे असते. नवे लेखाशीर्ष उघडून घेण्यापेक्षा उघडलेल्या शीर्षात रक्कम वाढवून घेणे कितीतरी सोपे.

आधीच्या कामांचे दायित्व. गेल्या वर्षी कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) दिलेल्या कामांची देणी नव्या तरतुदीतून आधी भागवली जातात. कागदावर दोन कोटी दिसतात, पण त्यातले दीड कोटी जुन्या बिलांना बांधलेले असू शकतात. हा आकडा अंदाजपत्रकात सरळ दिसत नाही, तो लेखा विभागाकडून घ्यावा लागतो.

तो तोंडी मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'हवामानासंबंधी सर्व माहिती द्यावी' असा अर्ज फेटाळला जाणारच. अमुक लेखाशीर्ष, अमुक वर्ष, मूळ तरतूद, सुधारित तरतूद, प्रत्यक्ष खर्च, शिल्लक दायित्व, एवढेच विचारा. अर्ज ऑगस्टमध्ये टाकला तर अपिलाची वेळ आली तरी नोव्हेंबर हातात राहतो. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहू देण्याची पद्धतही राज्यात २०१८ पासून लागू आहे. नस्ती, म्हणजे कामाची फाइल, प्रत्यक्ष पाहिली की कोणाच्या शेऱ्यावर काम अडले, ते दिसते.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी तुमच्या कागदावर किमान पाच लेखाशीर्षे चारही आकड्यांसह असावीत. नसतील तर थांबा.

## टप्पा २: एक किंवा दोनच कामे निवडा

वीस मागण्यांचे निवेदन वीस टेबलांवर वाटले जाते आणि कुठेच वाचले जात नाही. खात्याचा अभियंता स्वतःच्या मागणीपत्रात उचलून टाकू शकेल, असे एखाद-दुसरे काम निवडा.

निवडताना हे पाहा. काम उत्सर्जन कमी करणारे आहे की उष्णता, पूर, पाणीटंचाई यांपासून माणसांना वाचवणारे? दोन्ही चालतात, पण पटवण्याची भाषा वेगळी. पहिल्या प्रकारात वीजबिलाची बचत दाखवता येते. दुसऱ्यात बचत दाखवायला जाऊ नका, तिथे कोणाचे किती नुकसान टळेल हे दाखवा. उष्माघाताच्या कृती आराखड्याला मोठा खर्च लागत नाही. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यातील मृत्यूंनंतर २०१३ मध्ये असा आराखडा केला. त्यातील इशारे, पाणपोया, कामाच्या वेळांतील बदल, दवाखान्यांची तयारी ही कामे मुख्यतः समन्वयाची आहेत. अशा कामासाठी कोट्यवधींची मागणी केली की अधिकारी ताबडतोब ओळखतात की मागणाऱ्याने अभ्यास केलेला नाही.

आमच्या मते पहिल्या वर्षी महापालिकेच्याच इमारतींपासून सुरुवात करणे सर्वात शहाणपणाचे. शाळा, दवाखाने, क्षेत्रीय कार्यालये, पाण्याचे पंपिंग स्टेशन. जागा त्यांची, बिल त्यांचे, बचतही त्यांचीच. पंपांकडे विशेष लक्ष द्या. अनेक शहरांत महापालिकेच्या वीजबिलाचा मोठा वाटा पाणी उपसण्यावर जातो आणि जुने, झिजलेले पंप त्याच पाण्यासाठी जास्त वीज खातात. पंपांचे ऊर्जा लेखापरीक्षण आणि बदल हे दिसायला आकर्षक काम नाही, उद्घाटनाचा फोटोही नीट येत नाही. तरीही एकेका रुपयामागे याच्याइतका फायदा देणारी कामे थोडी आहेत.

नेहमीची चूक: फक्त वृक्षलागवड मागणे. रोपाला पैसे मिळतात, पण पाण्याला, कुंपणाला आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या निगराणीला मिळत नाहीत. मागायचीच असेल तर लागवड आणि तीन वर्षांची देखभाल एकाच कामात मागा, आणि मालमत्ता कराच्या बिलातून गोळा होणाऱ्या वृक्षकराचा हिशेबही विचारा.

## टप्पा ३: जागा, मालकी आणि आकडे

जागेची मालकी आधी तपासा. तलाव जलसंपदा विभागाचा, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा शाळेची इमारत भाड्याची निघाली तर महापालिका तिथे भांडवली खर्च (नवे बांधकाम किंवा संच यांचा खर्च) करू शकत नाही. मिळकत व्यवस्थापन विभागात किंवा विकास आराखड्याच्या नकाशावर हे कळते.

आकड्यांसाठी एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एका शाळेवर सौर संच मागायचा आहे. प्रथम मागच्या बारा महिन्यांची वीजबिले मिळवा. समजा वर्षाचा वापर १४,००० युनिट निघाला. आपल्याकडे एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतो, ढगाळ दिवस धरून वर्षाला साधारण १,४०० युनिट. म्हणजे १० किलोवॉट पुरेसे. त्याला सावली नसलेली सुमारे १०० चौरस मीटर गच्ची लागते. ग्रिडच्या एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला दहा टनांच्या आसपास उत्सर्जन टळते.

बचत मोजताना दोन ठिकाणी गफलत होते. एक, एकूण बिलाला युनिटने भागून दर काढला जातो. बिलातला स्थिर आकार सौर संचाने कमी होत नाही, म्हणून वाचणाऱ्या युनिटना फक्त वीज आकार, वहन आकार आणि त्यांवरचा कर लावा. दोन, शाळा उन्हाळी सुट्टीत बंद असते आणि ऊन तेव्हा भरपूर असते. नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याची सोय) नसेल तर ती वीज वाया जाते. असले तरी वर्षअखेर उरलेल्या युनिटना कमी दर मिळतो. त्यामुळे गच्ची मोठी आहे म्हणून संच वाढवू नका, वापराइतकाच ठेवा.

छपरावरचे पावसाचे पाणी साठवायचे किंवा जमिनीत मुरवायचे असेल तर त्याचा हिशेब आणखी सोपा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १,००० चौरस मीटर छप्पर, ७०० मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के घट धरली तर वर्षाला ५,६०,००० लिटर. हा आकडा शेजारी लिहून त्या इमारतीला गेल्या उन्हाळ्यात किती टँकर लागले, तेही लिहा.

रक्कम मात्र स्वतः ठरवू नका. बाजारातून एक कोटेशन आणून तोच आकडा निवेदनात टाकला की दोन अडचणी येतात: दरसूचीशी (कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांच्या यादीशी) तो जुळत नाही, आणि तुम्ही त्या पुरवठादारासाठी काम करता अशी शंका येते. खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याला जागेवर नेऊन शासकीय दरसूचीप्रमाणे पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, तयार करण्याची विनंती करा. पूर्वगणनपत्रक झाले की काम खात्याचे होते.

तपासणी: देखभालीचा खर्च धरला आहे का? पॅनेल धुणे, इन्व्हर्टर बदलणे, पुनर्भरणाच्या खड्ड्यातला गाळ काढणे. भांडवली तरतुदीबरोबर महसुली (दरवर्षीच्या चालू खर्चाची) तरतूद मागितली नाही तर तिसऱ्या वर्षी संच बंद पडलेला दिसतो, आणि मग तेच उदाहरण पुढच्या प्रत्येक मागणीच्या विरोधात वापरले जाते.

## टप्पा ४: पैसा कोठून येईल ते तुम्हीच सुचवा

स्वनिधी, म्हणजे महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न, हा एकच पर्याय नसतो. शहराला लागू असलेल्या योजनांची यादी करा: अमृत २.० या केंद्राच्या योजनेत पाणी, मलनिस्सारण आणि जलाशयांची कामे बसतात. हवा सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्यात राज्यातील अनेक शहरे आहेत. वित्त आयोगाचे अनुदान आहे. जिल्हा नियोजन समिती आहे. माझी वसुंधरा या राज्य सरकारच्या पर्यावरण अभियानात तुमच्या महापालिकेला किंवा नगरपरिषदेला पारितोषिक मिळाले असेल तर ती रक्कम कोणत्या कामावर गेली, हे विचारा. अनुदानाच्या योजनांत महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा स्वहिस्सा लागतो आणि तो अंदाजपत्रकात नसला तर आलेले अनुदानही अडकून पडते. म्हणून कित्येकदा मागणी फक्त स्वहिश्श्याची करायची असते. रक्कम छोटी असल्याने ती मान्यही लवकर होते.

कर्जरोख्यांची (गुंतवणूकदारांकडून कर्ज उभारण्याची) मागणी छोट्या शहरांनी करू नये. इंदूरने २०२३ मध्ये ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी हरित रोख्यांतून (पर्यावरणाच्या कामांसाठीच्या कर्जरोख्यांतून) २४४ कोटी रुपये उभे केले, पण त्यामागे पाणी उपशाच्या वीजबिलातील मोठी, मोजता येणारी बचत होती. पतमानांकन, लेखापरीक्षित ताळेबंद आणि परतफेडीचा ठोस स्रोत नसेल तर हा रस्ता बंद समजा.

'हे आमचे कामच नाही' असे उत्तर मिळाले तर राज्यघटनेची बारावी अनुसूची दाखवा. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या त्या यादीत नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण स्पष्टपणे आहे.

## टप्पा ५: निवेदन लिहा

एक पान. दुसऱ्या पानापासून जोडपत्रे. मजकूर असा असावा:

> विषय: प्रभाग क्रमांक ... मधील मनपा शाळेच्या इमारतीवर १० किलोवॉट सौर संच बसवणेकामी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद करणेबाबत.
>
> सदर इमारत मनपाच्या मालकीची आहे. मागील बारा महिन्यांचा वीजवापर १४,००० युनिट असून बिले सोबत जोडली आहेत. गच्चीवर सावलीविरहित सुमारे १०० चौरस मीटर जागा उपलब्ध आहे. लेखाशीर्ष ... मध्ये चालू वर्षी ... रुपयांची तरतूद असून सुधारित अंदाजात ती ... झाली आहे. तरी विद्युत विभागाने स्थळपाहणी करून पूर्वगणनपत्रक तयार करावे, सदर लेखाशीर्षाखाली भांडवली तरतूद व देखभालीसाठी महसुली तरतूद प्रस्तावित करावी आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी, ही विनंती.

यात तापमानवाढीवर परिच्छेद नाही, हे मुद्दाम. वाचणाऱ्याला ते माहीत आहे आणि त्याने त्याची जबाबदारी बदलत नाही. तो मुद्दा सभागृहातल्या भाषणासाठी राखून ठेवा.

निवेदन संबंधित खातेप्रमुखांच्या नावे द्या. प्रती मुख्य लेखा व वित्त अधिकारी, आयुक्त आणि प्रभागाच्या नगरसेवकांना. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या. पाचशे सह्या असतील तर जोडा, पण त्या जमवण्यात ऑक्टोबर घालवू नका.

## टप्पा ६: भेटींचा क्रम चुकवू नका

पहिल्यांदा आयुक्तांकडे जाण्याची घाई होते. आयुक्त 'तपासून सादर करावे' असा शेरा मारतात, कागद खाली खात्याकडे येतो, आणि ज्याच्या डोक्यावरून तुम्ही गेलात तोच अभियंता त्यावर अभिप्राय लिहितो. क्रम खालून वर ठेवा: कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, खातेप्रमुख, लेखा विभाग, मग आयुक्त. प्रत्येक भेटीला दोघे-तिघेच जा. भेटीत ठरलेले त्याच दिवशी चार ओळींच्या पत्राने किंवा ईमेलने कळवा, म्हणजे बदली झाली तरी नोंद राहते.

डिसेंबरमध्ये एकच प्रश्न लेखा विभागाला विचारा: खात्याच्या मागणीपत्रात आमचे काम आहे का? नसेल तर लगेच खातेप्रमुखांकडे परत जा. जानेवारी उजाडल्यावर या प्रश्नाला किंमत उरत नाही.

सावधान: निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी कामे जाहीर करता येत नाहीत. तारखा जवळ असतील तर प्रशासकीय मान्यता त्याआधी मिळवण्याचा प्रयत्न करा.

## टप्पा ७: स्थायी समिती आणि सभा

अंदाजपत्रक सादर झाले की त्याच दिवशी तुमचे लेखाशीर्ष शोधा. रक्कम नसेल किंवा नाममात्र असेल तर समिती सदस्यामार्फत दुरुस्ती सुचवता येते. सदस्याला भाषण लिहून देऊ नका, उपसूचनेचे (मूळ प्रस्तावात बदल सुचवणारे) एक वाक्य द्या: या शीर्षातून इतके कमी, त्या शीर्षात इतके जास्त. कोठून कमी करायचे, ते न सांगणारी उपसूचना टिकत नाही. कमी करायचे शीर्ष टप्पा १ च्या कागदावर आहेच: वर्षानुवर्षे अखर्चित राहणारे.

याच वेळी एक मोठी मागणीही ठेवता येते. प्रत्येक खात्याच्या खर्चातला हवामानाशी संबंधित भाग वेगळा दाखवणारे परिशिष्ट अंदाजपत्रकाला जोडावे. ऑस्लो शहराने २०१६ मध्ये हे सुरू केले. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०२४ मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. यासाठी वेगळा निधी लागत नाही, त्यामुळे नकार द्यायला सबळ कारणही मिळत नाही.

## टप्पा ८: १ एप्रिलनंतर

तरतूद झाली म्हणजे काम झाले, असा समज सर्वात महागात पडतो. तरतुदीनंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश हे सारे बाकी असते. त्यात दुसऱ्या कामासाठी रक्कम वळवण्याचे वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, विशेषतः वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत. स्थायी समितीची विषयपत्रिका दर आठवड्याला पाहा आणि तुमचे लेखाशीर्ष दिसते का, ते शोधा.

पावसाचे गणित इथे फार महत्त्वाचे. लागवडीचे खड्डे मे महिन्यात झाले पाहिजेत आणि रोपे जून-जुलैत लागली पाहिजेत. १ एप्रिलला निविदेची तयारी सुरू केली तर पावसाळा हुकतो, म्हणून पूर्वगणनपत्रक आणि निविदेचा मसुदा मार्चमध्येच तयार हवा. बांधकामाच्या कामांचे उलटे: पावसाळ्यात ती करता येत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर निविदेसाठी वापरून ऑक्टोबरमध्ये कार्यादेश निघायला हवा. हे झाले नाही तर डिसेंबरच्या सुधारित अंदाजात तरतूद कापली जाते.

जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी या तीन महिन्यांत खात्याला लेखी विचारा: मान्यता कोणत्या तारखेची, निविदा कोणत्या तारखेची, खर्च किती.

## ग्रामपंचायत असेल तर

वाट वेगळी आहे. इथे मागणीचे दार म्हणजे ग्रामसभा आणि 'आमचं गाव, आमचा विकास' हा ग्रामपंचायतीचा विकास आराखडा. आराखड्याचे काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून वेग घेते, म्हणून विषय त्या सभेच्या विषयपत्रिकेवर आधी लेखी देऊन घालून घ्या. आयत्या वेळचा विषय म्हणून मांडला तर ठराव कच्चा राहतो. ठरावात कामाचे नाव, गट क्रमांक आणि निधीचा स्रोत लिहिला गेला आहे ना, ते इतिवृत्तावर सह्या होण्यापूर्वी वाचून पाहा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींचे ६० टक्के अनुदान बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचे होते: निम्मे पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. त्यानंतरच्या पाच वर्षांना सोळाव्या आयोगाच्या अटी आहेत. जुन्या टक्केवारीवर मागणी बेतू नका. चालू शासन निर्णयाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून घ्या, मगच कोणते काम बंधित निधीत आणि कोणते अबंधित निधीत मागायचे ते ठरवा. काम आराखड्यात चढले की ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून ते दिसते का पाहा. तिथे दिसत नसेल तर पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांना ठरावाची प्रत देऊन कारण लेखी मागा.